फळ्यापाशी ती दोघं

उजव्या हातातला खडू तो डाव्या हातात घ्यायचा. उजवा हात पँटच्या मागे पुसायचा. मग तो हात पुढे करून म्हणायचा, "आज तुमचं ना?"

आज तुमचं, म्हणजे आज तुमचा सण. ईद असली की बॉयलरवाल्यासमोर, नाताळ असला की टेलिफोनवरच्या बाईंसमोर, नवरोज असला की आमच्या लॅबमध्ये एकच म्हातारा पारशी होता त्याच्यासमोर. पँटच्या मागे खडूचा पांढरा हात उमटायचा आणि तो घेऊन हा दिवसभर कारखान्यात हिंडायचा. लोक हसायचे. माझी बायकोही हसायची. तिथंच माझी गाडी अडायची.

त्याचं नाव सांगत नाही. कारखान्यात आम्हाला नावं नव्हतीच म्हणा. ज्याचं जे काम, ते त्याचं नाव. तो माल सांभाळायचा म्हणून तो स्टोअर. बॉयलरवाला तो बॉयलर. मी पॅकिंगला, पण पॅकिंगला आम्ही आठदहा जण, म्हणून मला गावावरून हाक. "ए कोकण, पुठ्ठे संपले का रे?" "दे ना लवकर स्टोअर, सुपरवायझर बोंबलतोय." बावीस वर्षं हे असं. तुमच्याही कामावर असा एक असेल बघा, ज्याच्याशी आपण रोज बोलतो आणि रोज मनातून जळतो.

कारखाना घाटकोपरला. तिथं औषधाच्या गोळ्या बनायच्या आणि पॅक व्हायच्या. तो मराठवाड्यातला, बौद्ध, बारावी शिकलेला. मी कोकणातला, चौथी. पाचवीत गेलो होतो, पण शाळेने ठेवून घेतलं नाही. लिहायला येतं मला, पण माझं अक्षर धावत्या बसमध्ये लिहिल्यासारखं. त्याचं अक्षर बघून वाटायचं, कोणीतरी आत्ताच आंघोळ करून, भांग पाडून उभं आहे. हे जे लिहितोय ते माझ्याच अक्षरात आहे. वाचणाऱ्याने अक्षर लावून घ्यावं.

माझी बायको कारखान्याच्या कॅन्टीनला स्वयंपाक करायची. असल्फाच्या डोंगरावरून आम्ही दोघं सकाळी चालत यायचो. ती पुढे, मी मागे. ती झपाझप चालायची. गेटमधून आत आलो की ती उजवीकडे, मी डावीकडे.

कॅन्टीनच्या दाराशी एक फळा होता. वरच्या अर्ध्यात आजचं जेवण, खालच्या अर्ध्यात आजचा सण. दोन्ही स्टोअर लिहायचा. कोणी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच धरलं होतं ते काम. साडेसातला खडू घेऊन यायचा. मग माझी बायको पदराला हात पुसत बाहेर यायची, आणि दोघं तिथं उभी राहून बोलायची. पाच मिनिटं. कधी सात. मी पॅकिंगच्या खिडकीतून बघायचो. काय बोलायची ते काचेमुळे ऐकू यायचं नाही. ती तोंडाला पदर लावून हसायची, एवढं दिसायचं.

घरी ती हसायची नाही असं नाही. टीव्ही बघून हसायची. मुलीशी फोनवर हसायची. माझ्यामुळे हसली असं मला आठवत नाही. बसून आठवून बघितलं, तरी नाही.

ती त्याला भाऊ म्हणायची. तो वहिनी म्हणायचा. तुम्ही म्हणाल, मग जळायचं काय त्यात? मलाही तेच वाटायचं. पण जळणं काय विचारून येतं?

एकदा घरी विचारलं तिला, "काय गो, सकाळी एवढं काय हसत होतीस?"

"काय नाय ओ. असाच."

"असाच म्हणजे?"

"तुमका सांगान काय? तुमी थोडेच हसतल्यात."

झालं. विषय संपला तिचा. माझा चालूच राहिला.

स्टोअरचं एक होतं. सण त्याला पाठ होतेच, पण कोणत्या दिवशी काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, हेही पाठ. त्याचा नियम होता, ज्याचा सण त्यालाच म्हणायचं, आणि तोंडासमोर उभं राहून म्हणायचं. एका गुड फ्रायडेला नवा इंजिनिअर टेलिफोनवरच्या बाईंना म्हणाला, "हॅपी गुड फ्रायडे, मॅडम!" बाई कसनुसं हसल्या. स्टोअरने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "साहेब, आज त्यांच्या देवाला खिळे ठोकले. आज हॅपी नाही. रविवारी म्हणा काय ते." मोहरमला बॉयलरला कोणी मुबारक म्हटलं की हा तिथंच अडवायचा, "मुबारक नाही रे, आज दुःखाचा दिवस." बॉयलर म्हणायचा, "अरे जाने दे ना यार, उसने प्यार से बोला." हा म्हणायचा, "प्यार से बोला, पण चुकीचं बोलला."

आमचे शेठ जैन. पर्युषण संपलं की हा केबिनच्या दारात उभा राहून हात जोडायचा, "मिच्छामि दुक्कडम, शेठ." वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. शेठ खुर्चीतून उठून हात जोडायचे. उठून! माझ्यासाठी शेठ कधी अर्धा इंचसुद्धा हलले नाहीत. अर्थात मीही कधी गेलो नाही म्हणा केबिनपर्यंत.

देवमाणूस वगैरे नव्हता तो. भारी मिजासखोर. खडूला कोणी हात लावलेला चालायचा नाही. आणि स्वतःला शुभेच्छा मिळाल्या नाहीत तर दिवसभर तोंड फुगलेलं. आंबेडकर जयंतीला पांढराशुभ्र शर्ट घालून गेटजवळच उभा राहायचा. म्हणजे आत जाणाऱ्याला चुकवताच येऊ नये. मी मुद्दाम मागच्या गेटने आत शिरायचो. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा.

"कोकण, आज आमचं आहे."

"हां, माहीत आहे."

"मग बोल की."

"जयभीम."

"आता कसं!" म्हणून माझ्या ताटातला पापड उचलून न्यायचा.

त्याच्याकडूनच माझी बायको सगळं शिकली. ईदला शीरखुर्मा करताना दूध किती आटवायचं ते बॉयलरच्या बायकोला फोनवर विचारून घ्यायची. बुद्धपौर्णिमेला खीर. सहा डिसेंबरला मात्र साधा डाळभात. मी विचारलं होतं एकदा, आज गोड काय नाही? म्हणाली, "आज बाबासाहेब गेले ना? आज गोड करतत?" तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. कानावर पडलं, आत गेलं नाही.

मग एका वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. कारखान्याला सुट्टी, म्हणून फळा आदल्या दिवशी लिहायचा. सणाच्या अर्ध्यात स्टोअरने वर ईद लिहिली, खाली गणपती. सहज लिहिलं त्याने. पण आमचा डिस्पॅचवाला, तोही आमच्याच कोकणातला, तो खवळला.

"बाप्पा खाली? अरे वर्षाचा सण आमचा, आणि खाली? वाट लावली याने!"

बॉयलर म्हणाला, "ऊपर-नीचे क्या यार, दोनों लिखा है ना."

"मग तुझं घे ना खाली."

"क्यों? हमेशा मेरा ही नीचे क्या?"

दहाबारा लोक जमले. आवाज चढले. स्टोअरने खडू काढला. दोन्ही पुसलं आणि शेजारी शेजारी लिहिलं. डावीकडे गणपती, उजवीकडे ईद.

डिस्पॅचवाला म्हणाला, "हां, हे ठीक. डावीकडून वाचतात, म्हणजे बाप्पा पहिला."

बॉयलर म्हणाला, "मैं तो दायें से पढ़ता हूँ भाई. मेरा पहला."

सगळे जे हसायला लागले! डिस्पॅचवाला स्वतः हसला, बॉयलरच्या पाठीत धपाटा घातला. आणि माझी बायको. दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. स्टोअर तिच्याकडे बघून म्हणत होता, "वहिनी, बास, बास, पडाल."

भांडण तिथं संपलं होतं. हे मी आज कबूल करतो. संपलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

तरी मी जिना चढून वर गेलो. ऑफिसात नव्या मॅडम आल्या होत्या, कामगारांचं बघणाऱ्या. त्यांना म्हटलं, "मॅडम, खाली फळ्यावरून भांडणं होतात. हिंदू-मुसलमान. आज मारामारीच व्हायची होती. तो सणांचा फळा बंद करा."

मॅडम घाबरल्या. "कोणी व्हिडिओ काढला का?"

"काढला असेल," मी म्हटलं. कोणी काढला नव्हता.

दोन दिवसांनी हुकूम निघाला. फळ्यावर सण लिहायचा नाही. जेवणाचा छापील कागद कॅन्टीनचा कंत्राटदार चिकटवेल. शुभेच्छा फक्त फोनवरच्या ग्रुपमध्ये, आणि त्या प्रत्येक खात्याने पाळीपाळीने टाकायच्या, म्हणजे कोणाची कुरकुर नको. स्टोअर वर गेला होता भांडायला. ग्रुपवर टाकलं की पुरे, सगळ्यांना पोचतं, असं मॅडम म्हणाल्या. हा म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना म्हटलं की कोणालाच म्हटलं नाही असं होतं." मॅडम म्हणाल्या, "मग तोंडाने म्हणा ना तुम्ही. कोणी अडवलंय?" तेही खरंच होतं. तो खाली आला. खडू खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी खिडकीतून बघितलं. दारात कोणी नव्हतं. कागद चिकटवलेला होता. मला वाटलं होतं बरं वाटेल. पाचेक मिनिटं वाटलंही.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला लाज वाटते.

पॅकिंगची पाळी आली सहा डिसेंबरला. सुपरवायझर म्हणाला, कोण टाकतंय? मी म्हटलं, मी. कधी नव्हे ते मी पुढे झालो. म्हटलं, हिला दिसू दे, मलाही येतं. फोनला बोललं की तो लिहितो, हे मी शिकलो होतो. बोललो, "महापरिनिर्वाण दिनाच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा." खाली फुलं टाकली, कमळ टाकलं, दोन पणत्या टाकल्या. पाठवून दिलं.

बावीस वर्षं त्या फळ्यावर सहा डिसेंबरला फक्त 'विनम्र अभिवादन' लिहिलेलं असायचं, स्टोअर आदल्या संध्याकाळीच लिहून जायचा. कोणीही डोळ्यांनी बघणारा माणूस ही चूक करणार नाही. पण मी फळा वाचलाच नव्हता कधी. मी त्या दोघांना बघायचो.

स्टोअर त्या दिवशी रजेवर होता, दरवर्षीसारखा. दादरला, चैत्यभूमीच्या रांगेत. रांगेत उभं असताना त्याने तो मेसेज वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आला. सगळे होते. मशीन चालू व्हायचं होतं.

"कोकण, काल काय पाठवलंस?"

"शुभेच्छा."

"कशाच्या?"

मी पुठ्ठे सारखे करायला लागलो.

"बाप गेला की शुभेच्छा देतात का रे तुमच्यात?"

मला तेव्हाच 'चुकलो' म्हणता आलं असतं. एक शब्द. पण समोर तो होता ना. दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं. मी म्हटलं, "चुकून झालं, त्यात काय एवढं? तुम्ही लोक ना, लगेच मनाला लावून घेता."

तुम्ही लोक. पॅकिंगच्या टेबलाला आमच्यात चार बौद्ध पोरी होत्या. त्यांचे हात थांबले. स्टोअरने माझ्याकडे बघितलं. मग वळून निघाला. आणि दारात माझी बायको उभी होती, चहाची किटली घेऊन.

त्या दिवशी घरी जाताना ती पुढे चाललीच नाही. माझ्या मागे, लांबून. घरी पोचल्यावर म्हणाली, "उद्या जावन तेंका सांगा, चुकलंय म्हणान."

मी म्हटलं, "बघू."

दोन दिवस बघितलं तिने. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, ती स्टोअरच्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिने हात जोडले होते. माझ्या चुकीसाठी माझ्या बायकोने हात जोडले. आणि खरं सांगू? मला लाज वाटायच्या आधी काय वाटलं असेल तर, त्याच्यापुढे कशाला?

तेव्हापासून तो मला 'तुम्ही' म्हणायला लागला. "तुमचे पुठ्ठे आलेत." "सही करा तुम्ही." मुंबईत अरेतुरेतला माणूस अहोजाहो करायला लागला की समजावं, दार लागलं.

मी रिटायर झालो. ती अजून जात होती कामाला. मी घरी बसून घड्याळ बघायचो. साडेसात वाजले की उगाच उठून पाणी प्यायचो. मग तिच्या पोटात गाठ निघाली. तीन महिने. आषाढात गेली.

स्मशानात तो आला होता. लांब, नळापाशी उभा होता. मी रडलो नाही त्या दिवशी. माझं रडू कुठे अडकलं होतं कोण जाणे. तो रडत होता. रुमाल तोंडाला लावून, खांदे हलत होते. माझी मुलगी मला धरून उभी होती आणि मी त्याच्याकडे बघत होतो. बायको माझी मेली आणि रडतोय हा. हे असं वाटलं मला. चितेसमोर. आता काय म्हणायचं ते म्हणा.

दिवाळी आली. माणूस गेलेल्या घरात त्या वर्षी सण करत नाहीत. फराळ बाहेरून येतो, नातेवाईक आणून देतात. मुलगी डोंबिवलीहून डबा देऊन गेली. मी तो उघडला नव्हता. पाडव्याला सकाळी फोन वाजायला लागला, टिंग टिंग. कारखान्याचा ग्रुप. दिवाळी पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. पती-पत्नीच्या प्रेमाचा सण. ताटात दिवा घेतलेली बाई, समोर पाटावर बसलेला नवरा. एकाने टाकलं की दुसरा. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. कोणाच्या लक्षातच नव्हतं, एवढंच. मी फोन गादीखाली घातला. तरी गादी थरथरायची. तेव्हा मला कळलं, दादरच्या रांगेत त्याला काय झालं असेल.

दहाच्या सुमाराला दारात कोणीतरी धापा टाकत उभं राहिलं. स्टोअर. आमच्या डोंगराला दीडशे पायऱ्या आहेत आणि त्याचे गुडघे गेलेले. हातात पिशवी. या पाडव्यानंतर तो मला दिसलेला नाही. दिवाळी झाल्यावर तो मुलाकडे परभणीला राहायला गेला, तो गेलाच. तेव्हा ही आमची शेवटची भेट.

"बसा," मी म्हटलं.

बसला. पाणी प्यायला. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा काढला. "आमच्या बाईने दिलंय." गोड काही नव्हतं. शुभेच्छा नव्हत्या. मग तिच्या फोटोकडे बघत बसला. बराच वेळ बघत होता. फोटोकडेसुद्धा किती बघावं माणसाने?

मला राहवलं नाही. म्हटलं, "फळा मी बंद करायला लावला होता."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं? मॅडमनी?"

"वहिनींनी."

मी ताठ बसलो. "कधी?"

"त्याच दिवशी. तू वर बोलत होतास तेव्हा वहिनी मॅडमचा चहा घेऊन जिन्यात होत्या. सगळं ऐकलं त्यांनी."

पुन्हा 'तू' म्हणाला तो. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"मला काही बोलली नाही ती. कधीच."

"मला म्हणाल्या, भाऊ, मला कळलंय हे आमच्या माणसाला कळू देऊ नका. त्यांना रोज माझ्यासमोर बसून जेवायचं असतं."

मी खाली मान घातली. त्या दोघांचं एकच गुपित होतं, आणि ते मीच होतो.

मग म्हटलं, "आणि ते सहा डिसेंबरचं..." वाटलं, राहू दे म्हणेल. या घरात, या दिवशी कोणीही म्हणालं असतं.

"हां, ते बोल," तो म्हणाला. "फळ्याचं सोड. ते बोल."

"चुकलो. शुभेच्छा टाकल्या ते चुकलो. आणि नंतर तुम्ही लोक म्हटलं, ते जास्त चुकलो. त्या पोरींसमोर."

त्याने मान हलवली.

"हिने हात जोडले तुझ्यासमोर. ते मी जोडायला हवे होते."

"हो," तो म्हणाला. एवढंच. आणि मी जोडले.

मग आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली. एकाच ताटात पिठलं घेतलं, कारण दुसरं ताट कुठे ठेवलंय ते मला माहीत नव्हतं. खाता खाता मी जे बावीस वर्षं विचारायचं होतं ते विचारलं.

"रोज काय बोलायचात रे?"

"कधी?"

"सकाळी. फळ्यापाशी."

तो चावायचा थांबला. विचार केला त्याने. "दुधी," म्हणाला.

"काय?"

"दुधी नाहीतर कोबी. कंत्राटदार दुसरं काय पाठवायचाच नाही. मी विचारायचो, वहिनी, आज काय लिहू? त्या म्हणायच्या, ओळखा. मी म्हणायचो, दुधी. मग हसायच्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"बावीस वर्षं?"

"रोज हसायच्या रे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. वाटलं, खोटं बोलतोय. दुधीवर कोणी बावीस वर्षं हसतं का? अजूनही मला कधी कधी वाटतं, काहीतरी लपवलं त्याने. आणि खरं असेल तर जास्त वाईट. दुधी आमच्या घरीही शिजायचा.

दुखवट्याच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि मागे न बघता निघायचं; घरच्यांनीही मागून हाक मारायची नाही. त्याला हे ठाऊक असणारच. फडकं झटकून घडी केली, पिशवीत घातलं. दारात चपला घालताना तोंड उघडलं त्याने, परत मिटलं. निघाला.

मी बसून राहिलो. मग मनात आलं, सकाळी साडेसातपासून संध्याकाळी चारपर्यंतची माझी बायको या माणसाकडे आहे. ती कुठे बसून जेवायची, कोणावर चिडायची, दुपारी पाय दुखले की काय करायची, मला काही माहीत नाही. मी भिंतीच्या पलीकडे होतो, आणि जळत होतो. आणि आता ती सगळी घेऊन हा खाली चाललाय.

मी उठून बाहेर धावलो. तो वीसेक पायऱ्या उतरला होता, भिंतीला हात लावून.

"ए स्टोअर!" मी ओरडलो. "परत ये रे!"

गल्लीतली दारं उघडली. कंदील लावणारी माणसं थांबून बघायला लागली. तो थांबला. मागे वळला नाही. एक हात भिंतीवर ठेवून दुसरा तेवढा वर केला, आणि पुन्हा एकेक पायरी उतरायला लागला.

शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, असं बोलावतात काय कोणाला? दुखवटा आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "अगं, कोबी असला की ती काय म्हणायची, ते विचारायचं राहिलं."